चोरीला गेलेला ठोका

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या रॉक बँडच्या गाण्यातून एक ठोका चोरीला गेला आहे. ठोका अंगानं भरलेला, आवाजानं खर्जातला आणि आदिलाबादेत लहानाचा मोठा झालेला आहे. हैदराबादला जाताना तो आमच्यासोबत होता. परतताना नव्हता. आमचा संशय सर्वांवर आहे.

हे निवेदन मी माझ्या चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे ताठ उभा राहून मोठ्यानं वाचलं, तेव्हा समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं. डोळे तपासायला आलं होतं. ते न तपासताच उठून गेलं. त्याच्यावरही माझा थोडा संशय आहे.

आता बँडची ओळख. गाणारे शाळेत गणित शिकवतात, म्हणून बँडातही त्यांना ‘सर’च म्हणतात, आणि ते गाणंही वर्ग घेतल्यासारखं गातात. गिटारवाला बँकेत आहे, मूळचा मुधोळचा. तो भांडण चालू असताना गप्प बसतो आणि मिटल्यावर ‘मी तं आधीच सांगतलं होतं’ म्हणतो. ड्रम वाजवतात माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. ते गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून आहेत. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणारी गिरणी. राहिलो मी. मी काही वाजवत नाही. मी ऐकतो. तिघं गाणारे-वाजवणारे असले तर एकानं ऐकायला नको का? बाकी गावात दुसरं कोणी तयार नव्हतं.

सगळे पन्नाशीच्या आगेमागे. रॉक बँड काढायचं आमचं वय कॉलेजातच होऊन गेलं, पण तेव्हा ड्रम नव्हते. आता ड्रम आले आणि गुडघे गेले.

भाऊजींच्या ओळखीनं आम्हाला गिरणीचं एक गोदाम रविवारी मिळायचं. रविवारी जिनच्या मशिनी थांबलेल्या असतात. आमच्याकडे त्यालाच गिरणी बंद म्हणतात. फाटकावर काडीपेटी जमा करायची, कारण आत सगळी रुई, आणि मग गठाणींच्या दोन भिंतींमध्ये भाऊजींनी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले ड्रम उघडायचे. एका गठाणीवर मी माझा फोन ठेवायचो, बटण दाबायचो आणि डोळे मिटायचो. खरा ऐकणारा डोळे मिटतो, अशी माझी समजूत आहे. त्या समजुतीनं पुढं घात केला, ते येईलच.

अशा रीतीनं आमचा डेमो तयार झाला. डेमो म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग. त्यात गिटारवाला शिंकतो, सर एका कडव्यात पुढचं कडवं गातात, आणि शेवटी भाऊजी विचारतात, “चालू होतं काय?” पण त्यात एक गाणं होतं. तामसीची बस हात दाखवूनही न थांबता निघून जाते, त्या माणसाचं. धूळ खाली बसेपर्यंत तो रस्त्यावर उभा राहतो. कडव्याच्या शेवटी सर एकच शब्द म्हणतात, “थांब.” तो शब्द ते ताणतात. कधी जरासा, कधी इतका की माणसाला वाटावं, सरांना चक्कर आली. आणि बरोबर त्या ताणाच्या टोकाला भाऊजींच्या पायाखालच्या मोठ्या ढोलातून यायचं, धप्प.

काय सांगू तुम्हाला. तो ठोका कानात नाही, पोटात लागायचा. बसचं दार आपल्या तोंडावर लागल्यासारखा. हा डेमो मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला ऐकवला. एका म्हाताऱ्या बाई चष्म्याची वाट बघत असताना मी त्यांना तो ऐकवला, तर त्या धप्पला त्या म्हणाल्या, “अगोबाई, पडलं काय काही?” यापेक्षा मोठी दाद कोणत्या ड्रमरला मिळाली असेल? मी भाऊजींना सांगितलं. त्यांनी वजनकाट्याच्या खिडकीवर बोटांनी एक लहानसा ताल धरला. भाऊजी असेच. आनंद झाला की बोटं चालतात. ताटावर, डब्याच्या झाकणावर, स्कूटरच्या टाकीवर. ताईनं उभा संसार त्या टकटकीला बोल लावण्यात घालवला.

मग आम्ही हैदराबादला जाऊन पक्का अल्बम केला. तिथं काचेच्या खोल्या, कानाला मोठाले डबे, आणि सगळं सुटं सुटं. आधी एकट्या भाऊजींचे ड्रम, मग गिटार, मग सर. मला बाहेर सोफ्यावर बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. ऐकायलाही नाही. मला तेव्हाच संशय आला होता.

पक्का अल्बम फोनवर आला त्या संध्याकाळी आम्ही सगळे ताईच्या घरी जमलो. ताईनं चिवडा केला होता. मी माझा मोठा स्पीकर नेला होता. गाणं सुरू झालं. गिटार अशी स्वच्छ, जणू आंघोळ घालून आणलेली. सरांचा आवाज गुळगुळीत. शिंक नाही, चूक नाही. आणि कडव्याचा शेवट आला. सर म्हणाले, “थांब,” लगेचच आवरलं, आणि मागून आलं, टप.

टप. डब्यात एक शेंगदाणा पडावा तसं.

आम्ही पुन्हा लावलं. टप. मी फोनवरचा डेमो लावला. धप्प. अल्बम, टप. डेमो, धप्प. शेजारच्या घरातून कोणीतरी विचारलं, काय ठोकून राह्यले म्हणून, आणि मी खिडकीतून त्यांना विचारलं, कोणत्या ठोक्याला विचारता? ते म्हणाले, पहिल्या नाही, दुसऱ्या. बघा. परक्या माणसालाही कळलं.

सरांनी चिवड्याचा हात पुसला. वर्गात पेपर वाटायच्या आधी ते जसा चेहरा करतात तसा केला.

“भाऊसाहेब,” ते भाऊजींना म्हणाले, “हे तुमी वाजवलं?”

“मीच वाजवलं.”

“मंग इथी येवढं दमदार अन् तिथी असं काऊन?”

“मले काय मालूम? पाय तोच, ढोल नवा होता.”

“ढोल तं तिथला भारी होता आपल्यापेक्षा.”

सर पुढं म्हणाले, “मावला गावात आपला पहिला प्रोग्राम हाय. लोकं डेमो ऐकून येऊन राह्यले. त्यायले तो ठोका पाह्यजे. मी काई तुमच्याशी वैर नाई करत. पण ज्यानं तो ठोका वाजवला, तोच स्टेजवर बसन. नाईतं यवतमाळचा एक पोरगा हाय, त्याले बोलवतो.”

गिटारवाल्यानं चिवड्यातली मिरची बाजूला काढली. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सरांकडे पाहिलं, मग भाऊजींच्या हातांकडे. मीही पाहिलं. भाऊजींनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

यवतमाळचा पोरगा. तो सरांच्या तोंडात इतका तयार कसा आला? मी मूळचाच संशयी माणूस आहे. भाजीवाल्यानं वर फुकट कोथिंबीर टाकली की मी आधी पालकाची जुडी उलटून बघतो. मी तहकीकात हाती घेतली.

पहिला संशय स्टुडिओतल्या आवाजवाल्यावर. यंत्रानं कोणाचाही ठोका काढून दुसरा बसवता येतो, असं मी वाचलं होतं. त्याला फोन लावला.

“अन्ना, तुमारे बहनोई जैसा बजाये वैसाइच है,” तो म्हणाला. “मैं कायको बदलूँगा?”

“कुछ तो काटा होगा?”

“वो सर का काटा ना. ‘थांब’ बोलते, और रुकते, रुकते, रुकते. मैं पूछा, क्या हुआ सर? बोले, कुछ आने वाला है. क्या आने वाला है, उन को भी नहीं मालूम. वो खाली जागा मैं काट दिया.”

मी फोन ठेवला आणि टाळी वाजवली. सापडलं. सर काहीतरी येण्याची वाट बघत होते. काय? माझ्या मते सबूत स्पष्ट होता. सरांनी मुद्दाम लय मोडली, भाऊजींचा ठोका एकटा पाडला, आणि यवतमाळच्या पोराला जागा केली. मी लगेच सरांच्या शाळेच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो. सर बाहेर आले. मी त्यांच्याकडे सूचक नजरेनं पाहिलं. ते म्हणाले, “काय हो, डोळ्यात काई गेलं?”

मग मला गिटारवाल्याचा संशय आला. तो काहीच बोलत नव्हता, यापेक्षा जास्त संशयास्पद काय असतं? त्याला गाठलं तर म्हणाला, गठाणी आवाज खातात, म्हणून गोदामात जाड आवाज शिल्लक राहतो. विचार बरा वाटला. पण जो माणूस वर्षभर तोंड उघडत नाही त्याला नेमकं याच वेळी शास्त्र कसं सुचलं?

आणि खरं सांगायचं तर शेवटी मला भाऊजींचाही संशय आला. हैदराबादला त्यांनी मुद्दाम हळू वाजवलं का? की गोदामातच दुसरं कोणी येऊन वाजवून जायचं? मी तर डोळे मिटून बसायचो.

ही शंका मी ताईजवळ बोललो. ती ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“तू माह्या नवऱ्यावर पंचनामा करून राह्यला?”

“फक्त विचारतो.”

“मले तं तुह्याच फोनचा संशय हाय. तुह्या फोनमध्ये मी बोलली तरी माहा आवाज सासूबाईसारखा येते.” मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, “पण एक सांगते तुले. त्या दिवसापासून हे काईच वाजवत नाई. ताट वाजवत नाई, झाकण वाजवत नाई. काल जेवताना मीच दोनदा ताट आपटलं, पाहावं म्हटलं काई करते का. नाई. जेवले अन् उठले. घरात कोणी नसल्यासारखं वाटते.”

आजपर्यंत मी ठोक्याच्या मागे लागलो होतो. भाऊजींकडे कोणी बघितलंच नव्हतं. पुढच्या रविवारी गोदामात फेरतपासणी करायची असं मी जाहीर केलं. तीच जागा, तेच ड्रम, तोच फोन, तीच गठाण. धप्प आलं तर हैदराबादवाला चोर, आणि भाऊजी स्टेजवर. नाही आलं तर यवतमाळ. सरांनी मान्य केलं. ताई म्हणाली, मीही येणार.

त्या रविवारी ताई गोदामात पहिल्यांदाच आली. फाटकावरच्या माणसानं तिला काडीपेटी विचारली, तर ती म्हणाली, “गॅस घरी ठेवून आली.” आत येऊन ती एका गठाणीवर पदर आवरून बसली, लग्नात वरमाईनं बसावं तशी, आणि सरांवर नजर रोखली.

भाऊजींनी ताडपत्री काढली. स्टुलावर बसले. ते पांढरे पडले होते, की अंगावर रुईचे तंतू होते, सांगता येत नाही. मी फोन ठेवला, आणि सवयीनं डोळे मिटले.

गाणं चाललं. बस आली, बस गेली. सर म्हणाले, “थांब.” शब्द ताणला. शब्द लांबत गेला, लांबत गेला.

धप्प.

मी डोळे उघडले तेव्हा सर भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. “हाच. हाच तो.” गिटारवाला म्हणाला, “मी तं आधीच सांगतलं होतं.” मी हैदराबादच्या त्या आवाजवाल्याला काय काय ऐकवायचं, याची मनात जुळवाजुळव सुरू केली. भाऊजी नुसते हसले, आणि त्यांची बोटं ढोलाच्या कडेवर चालू लागली. टक टक टक. ताईनं ते ऐकलं आणि पदरानं नाक पुसलं. म्हणाली रुई गेली नाकात.

“पण म्या काई पाह्यलं नाई,” ती म्हणाली. “माह्या समोर हा खांब हाय. पुन्यांदा वाजवा, मले पाय दिसला पाह्यजे.” आणि ती उठून नीट समोरच्या गठाणीवर येऊन बसली. मीही ठरवलं, या वेळी डोळे उघडे ठेवायचे.

सरांना इतका आनंद झाला होता की त्यांनी भाऊजींची वाटच पाहिली नाही. गिटारवाल्याला खूण केली आणि कडव्याच्या मधूनच सुरू केलं. भाऊजींचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी काड्या मांडीवर ठेवून पाण्याची बाटली उघडली होती. म्हणाले, “आलो, आलो,” आणि बाटली तोंडाला लावली. बस आली. बस गेली. सर म्हणाले, “थांब,” आणि ताणू लागले.

धप्प.

भाऊजींच्या तोंडाला बाटली होती. दोन्ही पाय जमिनीवर होते. ताईसमोर, माझ्यासमोर, चांगल्या उजेडात.

सरांचं तोंड उघडंच होतं. जरा वेळानं, कोणी काही गात नसताना, काही वाजवत नसताना, पुन्हा आलं. धप्प. आणि भिंतीवरच्या पत्र्यातून थोडी रुई हलकेच तरंगत खाली आली.

मग आम्ही सगळे भिंतीकडे बघू लागलो. भिंतीपलीकडे प्रेस. जिनच्या मशिनी रविवारी बंद असतात, पण शनिवारची उरलेली रुई दाबून गठाणी बांधायचं काम पलीकडच्या शेडमध्ये चालूच असतं. पेटीत रुई ठासायला लोखंडी दट्ट्या खाली येतो. धप्प. पुन्हा वर जातो, रुई पडते, पुन्हा खाली. हंगामभर. सरांचं घर गिरणीच्या रस्त्यावर. गिटारवाल्याची खोली तिच्या मागच्या आळीत. मी जन्माला आलो तेव्हाही हंगामच होता, असं आई सांगायची. आणि भाऊजींची खुर्ची तर त्या शेडला पाठ लावून. घरातला पंखा चालू असतो तोवर तो ऐकू येत नाही, तसं आमचं झालं होतं. आम्हा चौघांच्या कानांनी त्या धप्पला केव्हाच शांतता म्हणून टाकलं होतं. फक्त माझ्या फोनला तेवढं शहाणपण नव्हतं.

हळूहळू सगळं उलगडलं. सर ‘थांब’ कधी थोडं, कधी खूप का ताणायचे? आम्ही म्हणायचो, काय भावना. भावना कसली, बाकी गाण्यात आमच्या आवाजाखाली दबलेला दट्ट्या तिथं खाली यायची ते वाट बघायचे. हैदराबादला काचेच्या खोलीत ते थांबले, थांबले, आणि जे येणार होतं ते आदिलाबादेतच राहिलं होतं. भाऊजींचा पाय दट्ट्याच्या पाठोपाठ पडायचा, म्हणून त्यांना वाटायचं आपणच वाजवलं. आणि मी, मी त्या ठोक्याबद्दल म्हातारीकडून दाद घेऊन आलो होतो. तिनं विचारलं होतं, पडलं काय काही. तिला एकटीला बरोबर ऐकू आलं होतं.

भाऊजींनी बाटलीचं झाकण लावलं. सावकाश. “मलेही नव्हतं मालूम,” ते म्हणाले. “खरंच नव्हतं.” आणि त्यांचे हात पुन्हा मांडीखाली जायला निघाले.

सर काही बोलणार होते. मला दिसत होतं, त्यांच्या ओठांवर यवतमाळ आलं होतं. मास्तर माणूस, दिलेला शब्द मोडायची सवय नाही. ज्यानं तो ठोका वाजवला तोच स्टेजवर बसन, हे त्यांचंच बोलणं होतं, आणि भाऊजींनी तो वाजवला नव्हता, हे आता भिंतसुद्धा सांगत होती.

मावल्याचा प्रोग्राम झाला. भाऊजीच बसले, टपच वाजलं, सरांनी ‘थांब’ कुठं संपवायचं ते भाऊजींकडे बघून शिकून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या; त्या टाळ्यांतल्या काहींवर माझा अजून संशय आहे. पण मावल्यापेक्षा मला ते गोदामच आठवतं, कारण सगळा निकाल तिथंच लागला. सरांनी बोलायला तोंड उघडायच्या आतच ताई गठाणीवरून उठली. तिनं साडीवरची रुई झटकली, भिंतीकडे बोट केलं, आणि पलीकडून धप्प आल्यावर, जणू त्याचीच वाट बघत होती, अशी म्हणाली,

“मंग बसवा ना सर त्या प्रेसलेच स्टेजवर. हार मी करून आणते.”